सुट्टी बघून ईद येत नाही

आमच्या घरात एकाच वेळी तीन वर्षं चालत असत. एक पोटाचं, एक दीनचं आणि एक शाळा-कचेरीचं. पोटाचं वर्ष चैत्रात सुरू होऊन फाल्गुनात संपे. दीनचं वर्ष मोहरमच्या चांदबरोबर उगवे आणि बकरीदच्या महिन्याबरोबर मावळे. तिसरं वर्ष सरकारी. ते जानेवारीत सुरू होतं म्हणतात. पण आम्हा मुलांच्या लेखी ते जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलमध्ये परीक्षेपाशी संपायचं. या तिन्ही वर्षांची तोंडं तीन दिशांना. ती कधी एका दिवशी एका दारात आली की आमच्या घरी सगळी माणसं जमत. ती फाकली की माणसंही फाकत. नाती मायेवर टिकतात हे खरंच. पण ती माया भेटायला येते ती सुट्टी बघून, हेही तितकंच खरं.

आम्ही मणेर. फलटणपासून दोन कोसांवरच्या गावात पणजोबांपासून बांगड्या भरण्याचा धंदा. आता मणेराच्या घरात पंचांग टांगलेलं असतं याचं कुणाला नवल वाटेल, पण त्याच्यावाचून आमचा चुलाच पेटला नसता. मार्गशीर्ष उजाडला की म्हसवडला सिद्धनाथाचा रथ. पौषात संक्रांत. त्या आठवड्यात अब्बांना जेवायला फुरसत नसे. माघापासून लग्नसराई, हिरव्या चुड्यांच्या माळा. चैत्रात शिखर शिंगणापूरची यात्रा. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटणच्या रस्त्यानं जाई, तेव्हा रस्त्याकडेला पाल टाकून बसायचं. श्रावणात नागपंचमी, भाद्रपदात गौरी, आश्विनात नवरात्र, मग दिवाळीची भाऊबीज. गावातल्या बायका अब्बांना 'मामा' म्हणत. एकेकीच्या हाताचं माप त्यांना तोंडपाठ होतं. कुणाची लेक सासरी वाळली, कुणाची अंगानं भरली, हे त्यांना मनगटावरून कळे. बांगड्या भरून झाल्या की प्रत्येक हातात एक बांगडी वरची घालायची आणि तिचे पैसे घ्यायचे नाहीत, ही आमच्या घरची रीत. का, असं विचारलं तर अब्बा म्हणत, "मामा म्हणते ना ती? मग मामाचं काहीतरी नको?"

दादीचं वर्ष वेगळंच होतं. तिला ना चैत्र लागे ना जानेवारी. तिच्या महिन्यांची नावंही किताबातली नसत. सफर महिन्याला ती तेरातेजी म्हणे, रबीउल अव्वलला बारावफात, त्याच्या पुढच्याला ग्यारमी, मग मदार. शाबान म्हणजे शबेबरात. आणि रमजान ईद व बकरीद यांच्यामधला जिल्काद म्हणजे 'खाली'. ज्यात सण नाही तो महिना खालीच, असा तिचा रोकडा हिशेब. कुणी मात्र या महिन्याला बंदेनवाज म्हणत, कारण गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाजांचा उर्स त्यात येतो. दादीचा जन्म कोणत्या साली झाला ते तिला सांगता येत नव्हतं. पण "बारावफातच्या चांदात, हत्तीचा पाऊस पडत होता" एवढं ती छातीठोक सांगे. महिना चंद्राचा आणि पाऊस सूर्याच्या नक्षत्राचा. एका वाक्यात दोन्ही वर्षं. पुढं हिशेब करताना आमच्या लक्षात आलं, की एवढ्या खुणेवरून तिचं जन्मसाल दोन-तीन वर्षांच्या अंतरापर्यंत काढता येतं. कारण बारावफात आणि हस्त नक्षत्र यांची गाठ रोज पडत नाही. ती पडली की दोन-तीन वर्षं टिकते आणि मग तीसएक वर्षं दुरावते.

हा दुरावा कशामुळं? आमच्या वर्षाचे महिने बारा, दिवस 354 किंवा 355. म्हणजे सूर्याच्या वर्षाहून ते दहा-अकरा दिवसांनी तोकडं. म्हणून ईद दर वर्षी तेवढे दिवस अलीकडे सरकते. हिंदूंचे महिनेही चंद्राचेच. तीही घट त्यांना येतेच. पण ते साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक अधिक महिना घालून ती भरून काढतात. आम्ही भरून काढत नाही. त्यांचा सण आपापल्या ऋतूला धरून राहतो, आमचा सण सगळ्या ऋतूंतून हिंडतो. असं हिंडत साधारण बत्तीस वर्षांनी तो परत पहिल्या जागी येतो. माणसाला आयुष्य चांगलं मिळालं तर अशा दोन फेऱ्या, फार तर अडीच. रमजान थंडीत येतो, तेव्हा रोजा कधी सुटला ते कळत नाही. उन्हाळ्यात येतो, तेव्हा असरनंतरचा एकेक तास मोजावा लागतो. दादी म्हणे, "थंडीचा रोजा अल्ला देतो, उन्हाळ्याचा घेतो." सगळ्या जगातल्या माणसांना आळीपाळीनं दोन्ही मिळावेत, यात एक न्याय आहे खरा. ज्यांच्याकडे मेमध्ये उन्हाळा त्यांनाच कायम उन्हाळ्याचे रोजे, असं झालं असतं तर?

पण चंद्राच्या वर्षावर शेती चालत नाही. पेरणी चंद्राला विचारून होत नाही, ती मृगाला विचारून होते. ही अडचण या मुलखात राज्य करणाऱ्यांनाही आली होती. सारा हिजरी सनाप्रमाणे मागावा तर पीक अजून रानात उभं. म्हणून दख्खनेत 1344 पासून शुहूर सन सुरू झाला. 'शुहूर' म्हणजे महिने, शब्द अरबीच. पण वर्षाची सुरुवात सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवशी. म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणत. हाच सन पुढं मराठ्यांच्या कागदांत राहिला. पेशवाईतली पत्रं पाहावीत, त्यांत सालाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात : इसन्ने, सलास, खमस, सबा. लिहिणारा ब्राह्मण कारकून, लिपी मोडी, भाषा मराठी, आकडा अरबी आणि वर्षाचा पहिला दिवस पावसाचा. आमच्या घरातली गुंतागुंत ही काही आमच्याच घराची नव्हती. या मुलखानं ती शेकडो वर्षं सांभाळली होती.

पोटाचं वर्ष आणि दीनचं वर्ष एकमेकांच्या अंगावर आलं, की काय होतं ते आम्ही 1989, 1990 आणि 1991 या तीन सालांत पाहिलं. त्या तीन वर्षांत रमजानचा चांद गुढीपाडव्याच्या पाठोपाठच दिसला. चैत्र आणि रमजान जोडीनं चालले. म्हणजे शिंगणापूरची यात्रा भर रोज्यांत. चैत्र शुद्ध अष्टमीला शंभू महादेवाचं लग्न, द्वादशीला मुंगी घाटातून कावडी चढतात. माणदेशातलं ऊन, डोंगर, धूळ आणि गिऱ्हाईक. अब्बांनी एकही रोजा सोडला नाही आणि एकही यात्रा सोडली नाही. यात्रा सोडली असती तर ईदचे कपडे कशातून शिवायचे? आमच्यातली दोघं-तिघं त्यांच्याबरोबर पालात असत. दुपारी त्यांचा आवाज खोल जाई, म्हणून भाव सांगायचं काम आमच्याकडे. शेजारच्या पालातला लोणंदकडचा गुळशेंगावाला संध्याकाळ झाली की आपलं दुकान सोडून डोंगराच्या कडेला जाऊन उभा राही. सूर्य बुडाला की तिथूनच ओरडे, "मामा, गेला!" मग हातात गूळ आणि तांब्याभर पाणी आणून ठेवी. त्याला अजान कळत नव्हती, पण सूर्य कळत होता. लग्नाची अक्षता पडायच्या आधी अब्बांची इफ्तारी उरकलेली असे, आणि अक्षता पडल्यावर नव्या सवाष्णींच्या हातात चुडा भरायला ते तयार असत.

यात्रेच्या पैशातून पहिल्यांदा कपडा निघे तो आमच्या दोन्ही फुफ्यांचा. अम्माच्या लुगड्याचा नंबर नंतर. दादीचा तसा दंडक होता. ईदेला फुफ्यांना यायला जमलं नाही, तर अब्बा सायकलवर कापड आणि बांगड्या बांधून त्यांच्या गावाला जात. पण फुफ्या खात्रीनं येत त्या ईदेला नव्हे, पंचमीला. हे आज सांगितलं तर आमच्याच मुलांना खरं वाटत नाही. त्यांच्या साऱ्या मैत्रिणी पंचमीला माहेरी येत. झाडाला झोके बांधले जात. मग आमच्या फुफ्याही हट्ट धरून येत. नागाची पूजा त्यांनी कधी केली नाही, दूध-लाह्या वाहिल्या नाहीत. पण झोका सोडला नाही. श्रावणातलं ते माहेर धर्माचं नव्हतं, ऋतूचं होतं. पेरण्या उरकलेल्या, रान हिरवं, सासरी कामाला जरा उसंत. लेकीनं माहेरी यावं असा तो काळच होता. ईद वर्षभर फिरत राही. पंचमी मात्र जागेवर सापडे. सूर्याच्या वर्षाला धरून राहणारा सण माणसांना भेटायला सोपा असतो, हे आम्ही फुफ्यांकडून शिकलो.

आमच्या पिढीत मणेरकी संपली. आम्ही पाच भावंडं, तीन भाऊ आणि दोन बहिणी. एक गावातच राहिला आणि बांगड्यांबरोबर टिकल्या-पिना-पर्सचं दुकान टाकलं. एक पुण्याला कारखान्यात लागला. एक शारजाला गेला. एक बहीण सोलापूरला, एक कऱ्हाडला. आता कुणाला पंचमी उरली नाही. सगळ्यांना शाळांच्या सुट्ट्या उरल्या. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस आणि मेमध्ये पंधरा. 2004 ते 2006 ही तीन वर्षं फार चांगली गेली. रमजान ईद दिवाळीच्या चार-पाच दिवसांत आली. 2004 साली 15 नोव्हेंबरला, 2005 साली 5 नोव्हेंबरला, 2006 साली 25 ऑक्टोबरला. शाळा बंद, कारखान्याचा बोनस हातात, आकाशकंदील उतरायच्या आत आमचा चांद. शेजाऱ्यांच्या चकल्या आमच्याकडे आणि आमचा शीरखुर्मा त्यांच्याकडे, असे डबे एकाच आठवड्यात फिरले. अब्बांनी त्या तिन्ही ईदा पाहिल्या. तीन वर्षं अंगणात जागा पुरली नाही.

मग ईद दिवाळीला सोडून पुढं गेली. गणपतीत गेली, श्रावणात गेली. सहामाही परीक्षेच्या तोंडावर आली. सुट्टी मिळे एक दिवस. आणि चांद दिसला नाही, तर तो एक दिवसही चुके. सोलापूरहून एका दिवसात येऊन जाणं म्हणजे शीरखुर्म्याची वाटी हातात धरून एसटीच्या घड्याळाकडे बघणं. शारजावाल्याची तर ईदच बहुधा आमच्या आदल्या दिवशी. त्याचा ईदमुबारकचा फोन येई, तेव्हा अम्मा रोज्यात असे. अब्बा 2009 साली गेले. त्यानंतरच्या एका ईदेला गावच्या घरात अम्मा, गावातला भाऊ आणि त्याची मुलं एवढीच होती. फोनवर आम्ही एकेक जण सबब सांगत होतो. कुणाचा पेपर, कुणाची पाळी, कुणाची रजा. अम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि आमच्या घरच्या दख्खनीत एवढंच म्हणाली, "सुट्टी देखके ईद आती क्या रे?"

पण ईद येणार होती. हिशेब सरळ होता. दर वर्षी अकरा दिवस अलीकडे येत येत ती जूनमध्ये उतरणार आणि मग मेमध्ये. 2018 साली 16 जूनला आली, शाळा नुकत्या उघडलेल्या. 2019 साली 5 जूनला. आता पुढची तीन-चार वर्षं आपली, असं आम्ही एकमेकांना म्हणालो. 2020 ची ईद 25 मेला. त्यासाठी अम्मानं दीड वर्ष आधी गोधड्या शिवायला घेतल्या होत्या. तिच्या हिशेबानं नातवंडं, जावई, सुना धरून तेवीस माणसं होती. आणि ती ईद आली टाळेबंदीत. ईदगाहवर कुणी गेलं नाही, घराघरांत नमाज झाली. पुण्याहून फलटणला यायला पास लागत होता, शारजाची विमानं बंद होती. नव्या गोधड्या घडी न मोडता ट्रंकेवर राहिल्या. 2021 ची ईद 14 मेला. पुन्हा निर्बंध, पुन्हा नमाज घरात. बत्तीस वर्षांनी चैत्र आणि रमजान पुन्हा जोडीनं आले होते, पण शिंगणापूरची यात्रा भरली नाही. मेमधल्या दोन ईदा अशा हातातून गेल्या. अम्माचं वय तेव्हा ऐंशीला टेकलेलं.

तिसरी मात्र मिळाली. 3 मे 2022. त्याच दिवशी अक्षय्य तृतीया. अमावास्या संपून तिसरी तिथी आणि आमच्या चांदचा पहिला दिवस. एकाच चंद्राचे दोन हिशेब. तेवीसच्या तेवीस माणसं आली. शारजावाल्याचे तर एकतीस रोजे झाले. त्यानं तिकडे एक दिवस आधी धरायला सुरुवात केली होती आणि शेवटचे इकडे येऊन आमच्याबरोबर पुरे केले. मुलं त्याला हसली, अम्मा म्हणाली, "एक अब्बांच्या नावाचा." सकाळी ईदगाहवरून आम्ही कब्रस्तानात गेलो. अब्बांच्या, दादीच्या कबरीवर फातेहा पढलो. त्याच वेळी शेजारच्या घरी पूर्वजांच्या नावानं पाण्याची घागर पुजली जात होती. गावातल्या दोन्ही जमाती त्या सकाळी आपापल्या मेलेल्यांना पाणी पाजत होत्या म्हणा ना. दुपारी शेजारून आमरसाचं पातेलं आलं. अखितीपासून आंबा खायचा, ही गावची चाल. शीरखुर्म्यानंतर आमरस, असं जेवण आमच्या घरात त्या आधी कधी झालं नव्हतं. रात्री गच्चीवर नव्या गोधड्या पसरल्या, आणि तेवीस माणसांत तीन जणांना गोधडी पुरली नाही. अम्माची मोजदाद चुकली म्हणून सगळे तिला चिडवत होते. तिनं नंतर सांगितलं, की तीन तिनं शेजारच्या बाळंतिणीला आधीच देऊन टाकल्या होत्या.

त्या रात्री कऱ्हाडच्या भाच्यानं मोबाईलवर गणित करून सांगितलं, की मेमधली रमजान ईद आता पुन्हा 2052 च्या सुमाराला. गच्चीवर जरा शांतता झाली. आमच्यातले थोरले तेव्हा असतील की नाही, हा विचार ज्याच्या त्याच्या मनात आला असणार. अम्माला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "तोपर्यंत माझी ईद वरच." आणि कुशीवर वळून झोपली.

2024 च्या थंडीत, रमजानला दोन महिने असताना, अम्मा गेली. चाळीसावं झाल्यावर घराचा प्रश्न निघाला. निघायचाच. गावात एकजण राहतो, बाकीचे बाहेर. घर जुनं, एका भिंतीला पोपडे. कुणी म्हणालं विकावं. कुणी म्हणालं, तिघा भावांच्या नावावर करावं आणि बहिणींची हक्कसोड घ्यावी. सल्ला देणाऱ्यांत पै-पाहुणेही होते आणि गावची जाणती माणसंही होती. "बहिणींना काय, चोळीबांगडी करा, त्या सही देतील. सगळीकडं तसंच चालतं," असं त्यांचं म्हणणं. खरोखर चालतं तसंच. हिंदूंत चालतं आणि आमच्यातही चालतं. शरीयतनं लेकीचा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी ठरवून दिलेला असूनही चालतं. नमाज-रोज्याला काटेकोर असणारी घरं या एका बाबतीत गावाच्या रिवाजाकडे बोट दाखवतात.

आम्ही पाचही जण बसलो. बहिणी आधी काही बोलल्या नाहीत. मग सोलापूरची म्हणाली, "पैसे नकोत मला. पण सही केली तर पुढच्या वेळी मी या घरात पाहुणी म्हणून येणार. दार वाजवून." त्या एका बोलण्यानं प्रश्नाचं तोंडच फिरलं. इतकी वर्षं आम्ही समजत होतो, की बहिणी येत नाहीत कारण सुट्टी नाही. पण सुट्टी असूनही माहेर तुटलेल्या बाया आम्ही पाहिल्या होत्या. अब्बांच्या पालात बसून पाहिल्या होत्या. भाऊबीजेला भाऊ बांगड्या भरायला घेऊन येई आणि मनगट पुढं करणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यांत आनंद नसे. बांगडीची किंमत मणेराइतकी कुणाला ठाऊक असणार? बांगडी हौसेनं भरायची असते. हिश्श्याच्या बदल्यात भरायची नसते.

हिशेब सोपा निघाला. तीन भावांचे दोन-दोन आणि दोन बहिणींचा एक-एक, असे आठ हिस्से. घर विकायचं नाही. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर पाचही नावं लागली. मागल्या बाजूची पडवी नीट करून दोघी बहिणींसाठी एक खोली काढली. तिची किल्ली त्यांच्याकडे. जो भाऊ गावात राहतो त्यानं घर वापरावं, पण डागडुजीचा खर्च आठ हिश्श्यांनी सगळ्यांनी द्यायचा. बहिणीही देतात. आणि पैसे देतात म्हणून भांडतातही. पत्रा कोणता घालायचा यावर कऱ्हाडच्या बहिणीनं गावच्या भावाशी फोनवर पाऊण तास वाद घातला. आम्हाला त्या वादाचं बरं वाटलं. पाहुणी पत्र्यावरून भांडत नाही.

राहिला प्रश्न भेटीचा. रमजान ईद आता मार्चकडे निघाली. 2025 साली पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, 31 मार्चला आली. वार्षिक परीक्षा, कारखान्याचं वर्षअखेर. पुढं ती फेब्रुवारीत, जानेवारीत जाणार. 2030 साली तर हिशेबानं रमजान एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरात. पण रमजान ईदेच्या मागून साधारण सत्तर दिवसांनी बकरीद येत असते. जी ईद मेमधून गेली तिच्या पाठीमागून ही मेमध्ये शिरते आहे, हे आमच्या आधी लक्षातच आलं नव्हतं. 2025 साली बकरीद 7 जूनला आली. हिशेबानं 2026 ला मेच्या अखेरीस, 2027 ला मेच्या मध्यावर, 2028 ला मेच्या सुरुवातीला. ही चार वर्षं आमची.

आम्ही 2025 पासून बकरीद गावाला करायची ठरवली. त्या वर्षी पावसानं मृगाची वाट पाहिली नाही. मुंबईत मोसमी पाऊस 26 मेलाच दाखल झाला, आणि आमच्या माणदेशाच्या कडेलाही मेमध्येच ओढे वाहिले. ज्या मृगावर आमच्या मुलखानं एक सन उभा केला होता, तो मृगही आता आपल्या तारखेला बांधील राहिलेला नाही. पडवीचा नवा पत्रा त्याच पावसात कामी आला. एकवीस माणसं जमली. कुर्बानीच्या गोश्ताचे रिवाजाप्रमाणे तीन वाटे झाले. एक गोरगरिबांचा, एक घरचा, एक नातलगांचा. दर वर्षी नातलगांचा वाटा डब्यांत भरून गावोगाव पोचवायला लागायचा. यंदा तो पोचवायला कुठं जायचं हा प्रश्नच पडला, कारण नातलग सगळे अंगणातच बसले होते. शेवटी डबे दोघी फुफ्यांकडे गेले. एकीचं वय अठ्ठ्याऐंशी. ती म्हणाली, "पंचमीला ने रे मला." पंचमीला शाळा होत्या, रजा नव्हत्या. तरी गावातला भाऊ गाडी करून तिला घेऊन आला. झोका आता कुणी बांधत नाही. ती बहिणींच्या खोलीत चार दिवस राहिली.

महिनाभरानं, 6 जुलैला, आषाढी एकादशी आणि मोहरमची दहावी एकाच दिवशी आली. 2024 लाही तसंच झालं होतं, 17 जुलैला. 2023 साली एकादशीच्या जागी बकरीदच आली होती, 29 जूनला. तेव्हा अनेक गावांत मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. शुद्ध एकादशी म्हणजे आमचा नववा-दहावा चांद. त्यामुळं हे दहावीचे दिवस एकादशीला भेटतात. 2023 च्या अधिक श्रावणानं ती गाठ एका महिन्यानं सरकवली, म्हणून बकरीदच्या जागी दहावी आली. 2026 च्या अधिक ज्येष्ठानं तीही सुटणार. सुटल्यावर कुणी कुणाला दोष देत नाही. फिरणाऱ्या सणाला फिरू द्यायचं आणि तो दारात येईल तेव्हा दार उघडं ठेवायचं, एवढंच आपल्या हातात.

2029 पासून बकरीदही परीक्षांच्या दिवसांत जाईल. मग काय करायचं, यावर आमच्यात दोन मतं आहेत. पुण्याचा म्हणतो, मेमधला एक रविवार ठरवून टाकू, ईद असो-नसो. कऱ्हाडची म्हणते, रविवारी माणसं जमतात पण सण जमत नाही. एक दिवस का होईना, ईदेलाच यायचं. अजून ठरलेलं नाही. खोलीची किल्ली मात्र दोघींनी आपापल्या किल्ल्यांच्या जुडग्यात ओवली आहे, आणि ट्रंकेवरच्या गोधड्यांत यंदा तीन नव्या पडल्या आहेत.